एका थेंबाचा किल्ला

सायकलवरून किल्ले बघायला जायचं ही कल्पना वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांची. कुठले किल्ले, ते मात्र बायकोनं ठरवलं, आणि तिथेच बिनचूकरावांचा घात झाला.

डॉक्टर तसे दातांचे. पण जिन्यात गाठ पडली की दातांपुरतं बोलून थांबणं त्यांच्या स्वभावात नाही. बिनचूकराव दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून धापा टाकताना दिसले, आणि डॉक्टरांनी तिथल्या तिथे निदान केलं: गुडघे गंजलेत, बसून बसून छातीचा भाता झालाय, आणि यावर औषध एकच, सायकल. तीही शांत रस्त्यावरची. गर्दी नको, फार चढ नको, दोन्ही बाजूंना झाडं असली तर उत्तम. बिनचूकराव म्हणाले, बघू. एकतीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस ‘बघू’ म्हणाला की समोरच्यानं समजून घ्यायचं असतं. डॉक्टरांनी समजून घेतलं. बायकोनं घेतलं नाही. तिनं त्याच संध्याकाळी आपल्या भावाला फोन लावला.

आता, बिनचूकराव हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. मोजणी खात्याच्या नकाशाघरात ते नकाशे काढतात. तिरकं टेबल, उजव्या हाताला शाईची दौत, डाव्या हाताला पट्ट्या, आणि समोर एक मोठी खिडकी, जिच्याकडे कामाच्या वेळात त्यांनी कधी मान वर करून पाहिलेलं नाही. त्यांचा एकही नकाशा तपासनीसाची लाल खूण घेऊन परत आला नाही. म्हणून कुठल्याशा साहेबांनी चहा पिता पिता ‘आमचे बिनचूकराव’ म्हटलं, ते चिकटलं ते चिकटलंच. आता पोस्टमनसुद्धा खालून तशीच हाक मारतो.

घरात मात्र सगळा आनंद होता. साखरेच्या डब्यात मीठ ओतलं ते यांनीच. पाहुण्यांना बसस्टॉपवर आणायला गेले आणि भलत्याच पाहुण्यांना घेऊन आले तेही हेच. बायकोचं पडदे शिवायचं दुकान आहे, गळ्यात अष्टौप्रहर मोजपट्टी. तिनं एकदा विश्वासानं यांना एका गिऱ्हाइकाच्या खिडकीचं माप घ्यायला पाठवलं, तर त्या मापाचा पडदा शेवटी पलंगावर अंथरावा लागला. ‘यांना मैलाचं कळतं, फुटाचं कळत नाही,’ असं ती चारचौघांत सांगते. पण हे सांगताना तिचं बोट आपोआप भिंतीकडे जातं. दुकानाच्या भिंतीवर, कापड बेतायच्या टेबलासमोर, चौदा नंबरचा नकाशा काचेत लावलेला आहे. ‘हे बघा, ह्यांनी काढलाय. एक रेघ इकडची तिकडे नाही.’ घरात बिनचूकरावांची जी काही इज्जत होती ती सगळी त्या एका काचेआड होती.

त्या चौदा नंबरची एक गोष्ट आहे. ती त्यांनी कुणालाच सांगितलेली नाही, तेव्हा तुमच्याजवळच ठेवा.

बावीस वर्षांपूर्वी, नकाशा सादर करायच्या दिवशी, पाच वाजायला दहा मिनिटं कमी असताना त्यांना शिंक आली. तोंड त्यांनी बाजूला वळवलं, पण हात जागच्या जागीच राहिला, आणि नदीच्या वळणावर एका मोकळ्या टेकडीवर शाईचा टपोरा थेंब पडला. खात्याचा नियम असा, की खोडलेला नकाशा चालत नाही. डाग पडला तर नवा कागद घ्यायचा, आणि नवा कागद म्हणजे पुन्हा चार महिने. बिनचूकराव थेंबाकडे बघत राहिले. थेंब जरासा चौकोनीच पडला होता. त्यांनी बारीक निब उचलली आणि थेंबाला वरच्या अंगाला दोन कान काढले. दोन कानांचा चौकोन म्हणजे खात्याच्या खुणांच्या यादीत किल्ला. खाली मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत लिहिलं, ‘पडका किल्ला’. पडका म्हटला की कुणी शोधायला जायचं नाही, एवढी अक्कल त्या घटकेलाही शाबूत होती. तपासनीसानं सही केली. पुढच्या प्रत्येक आवृत्तीत ‘मागीलप्रमाणे’ असा शेरा मारून किल्ला छापला गेला, आणि बिनचूकराव त्याला विसरून गेले.

विसरून गेले, असं त्यांना वाटत होतं. पण भाऊ येऊन बसल्यावर बायकोनं चौदा नंबर खिळ्यावरून काढून टेबलावर आडवा ठेवला, तेव्हा त्यांची नजर आधी नदीच्या वळणावर गेली. मेव्हणा ऑफिसच्या खुर्च्या विकतो. गेल्या वर्षी त्यानं सायकल घेतली आणि तेव्हापासून ज्याला खुर्ची विकेल त्याला तो खुर्चीवर बसण्याचे तोटे सांगतो. त्यानं दोन दिवसांचा बेत आखून दिला. पहिल्या दिवशी खंदकाचा किल्ला आणि उंच बुरुजाचा किल्ला, रात्री मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत. रस्ते सगळे आतले, शेतांमधले, तासाला एखादी गाडी गेली तर गेली.

बायको ऐकत होती, पण तिचं बोट नदीच्या काठाकाठानं निघालं होतं. ते वळणावर येऊन थांबलं.

“दुसऱ्या दिवशी इथे जाऊ,” ती म्हणाली. “बाकीच्यांना नावं आहेत, त्यांच्याकडे कुणीतरी जातंच. हा बिचारा बावीस वर्षं माझ्यासमोर एकटा बसलाय.”

बिनचूकरावांनी सांगून पाहिलं की तो पडका आहे. बायको म्हणाली, पडका तर पडका, तुमचे गुडघे तरी कुठे उभे आहेत. त्यांनी सांगितलं की वाट फार लांबची आहे. मेव्हण्यानं काचेवर दोरा ठेवून मोजलं आणि उलट ती जवळची आहे असं सिद्ध केलं. खरं म्हणजे त्याच क्षणी सांगून टाकलं असतं तर सुटले असते. पण दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, आणि त्यातल्या एकीला बायकोनं नुकतंच ‘एक रेघ इकडची तिकडे नाही’ ऐकवलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून बिनचूकरावांनी मूठ झाकली. घरात बाकी कशातच आपल्याला पत नाही, आहे ती एवढीच, आणि ती दुसऱ्या दिवशी दुपारी एका रिकाम्या टेकडीवर जाणार, हे त्यांना तेव्हाच दिसत होतं.

सायकलवाला अबोल होता, पण त्याचं अबोलपण बोलकं होतं. त्यानं बिनचूकरावांना भिंतीशी उभं करून पायाचं माप घेतलं, शेवटची सायकल कधी चालवली ते विचारलं, ‘शाळेत’ हे उत्तर ऐकलं आणि एकही शब्द न बोलता बसायची गादी चार बोटं खाली केली. सायकलला एकवीस गिअर होते. एवढे कशाला, असं बिनचूकरावांनी विचारल्यावर तो म्हणाला की लागतील. बायकोनं त्याच्याकडून चाक काढणं, पंक्चर काढणं आणि साखळी बसवणं एका दुपारी शिकून घेतलं. बिनचूकराव घंटी वाजवायला शिकले.

सरावासाठी इमारतीमागचं आवार होतं. तळमजल्यावर एक निवृत्त इंजिनचालक राहतात. त्यांनी उभं आयुष्य रुळांवरून गाडी हाकली, वळवण्याचा प्रसंग म्हणून कधी आला नाही. तरी वळण कसं घ्यावं हे त्यांनी खुर्ची टाकून सलग चार दिवस समजावलं. त्यांचं म्हणणं, नजर समोर ठेवायची, गाडी आपोआप वळते. बिनचूकरावांनी नजर समोर ठेवली आणि गाडी आपोआप इंजिनचालकांच्याच फुलांच्या कुंड्यांत गेली. यावर त्यांनी ब्रेकविषयी बोलायला सुरुवात केली. वरून डॉक्टर ओरडून सांगत होते की पडायचंच झालं तर हनुवटीवर पडू नका, पुढचे दात महागात जातात. मेव्हण्यानं आपली जुनी सायकलची चड्डी आणून दिली होती. तिला मागच्या बाजूला बोटभर जाडीची गादी शिवलेली. ती घालून बिनचूकराव आरशासमोर उभे राहिले, बाजूनं बघितलं, आणि वर लांब कोट घालायचं ठरवलं. चार आवारांतली माणसं गॅलरीत उभी राहून कोटातल्या माणसाचं सायकल शिकणं बघत होती. बिनचूकरावांच्या मानी स्वभावाला हे सगळं सोसत नव्हतं, पण त्यांच्या मनात दुसरंच काही चाललं होतं, त्यामुळे निम्मा अपमान त्यांना कळलाच नाही.

दुसरं काही म्हणजे परवाना. किल्ले बघायला पुराणवास्तू खात्याचा परवाना लागतो, दर किल्ल्याला एक. हे कळल्यावर बिनचूकरावांचा चेहरा पंधरा दिवसांत प्रथमच उजळला. खातं म्हणणार, असा किल्ला आमच्या दप्तरी नाही. म्हणजे बोलणं खात्याला बसेल, किल्ला परस्पर रद्द होईल, आणि चौदा नंबर पुन्हा खिळ्यावर. ते रजा टाकून स्वतः गेले. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

खिडकीवरच्या बाईंनी पहिले दोन परवाने न बघता ठोकून दिले. तिसऱ्याला त्यांनी एक जाड रजिस्टर ओढलं, थुंकी लावून पानं उलटली, आणि बिनचूकराव आनंदानं पुढे वाकले.

“आहे की,” बाई म्हणाल्या. “नऊ ते पाच. सोमवारी बंद.”

बिनचूकरावांना वाटलं आपण चुकून दुसऱ्याच किल्ल्याचं विचारलं. त्यांनी नदी सांगितली, वळण सांगितलं, टेकडी सांगितली. बाई प्रत्येकाला होकारार्थी मान हलवत होत्या. मग बिनचूकरावांनी अगदी खाजगीत, आवाज उतरवून, तो नक्की आहे का असं विचारलं. बाईंनी रजिस्टर त्यांच्याकडे फिरवून नोंदीचा क्रमांक दाखवला आणि नकाशातही आहे म्हणून सांगितलं. मग त्यांनी शेवटचा उपाय म्हणून, दुरुस्तीसाठी बंद वगैरे असण्याची काही शक्यता, असं सुचवून पाहिलं. बाईंनी शेरा वाचला: दुरुस्त करण्यासारखे काही शिल्लक नाही. आणि तिसरा शिक्का मारला.

तीन शिक्के घेऊन बिनचूकराव बाहेर आले ते भिरभिरलेलेच. एकतीस वर्षं नोकरी झाली की माणूस डोळ्यांपेक्षा शिक्क्यावर भरवसा ठेवायला लागतो. कुणी सांगावं, असेलही. आपण शिंकलो ते निमित्त. कदाचित त्या टेकडीवर खरंच काही असेल आणि आपल्या हातून ते होऊन गेलं असेल. असं म्हणून त्यांनी एक कप चहा घेतला, आणि चहा संपेपर्यंत त्यांना स्वतःलाही ते पटेनासं झालं.

निघाले त्या दिवशी मात्र हवा अशी छान होती, की गुन्हेगारालाही गावंसं वाटावं. शहर मागे पडलं, मोठा रस्ता सुटला आणि दोघं एका अरुंद रस्त्याला लागले. दोन्ही बाजूंना उंच झाडं, पलीकडे कापायला आलेलं पिवळं शेत, मधूनच एखादं कौलारू घर, दारात वाळत घातलेल्या चादरी. सायकलींचा सुळसुळ आवाज आणि पक्षी, बाकी काही नाही. बायको पुढे होती आणि चक्क शीळ घालत होती. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, तिला शीळ घालता येते हे बिनचूकरावांना माहीत नव्हतं.

त्यांना आणखीही बरंच माहीत नव्हतं. हा रस्ता त्यांनीच काढलेला. अर्ध्या मिलिमीटरची रेघ, एका दमात ओढलेली, वळणावर पट्टी न वापरता. त्या रेघेत एवढी सावली होती, ओल्या गवताचा वास होता, एक लंगडा कुत्रा होता जो फर्लांगभर त्यांच्याबरोबर पळाला, आणि एक म्हातारी होती, जिनं कुंपणावरून दोघांना सफरचंदं दिली आणि कोटाला हसली. बिनचूकरावांनी तिथेच कोट काढला, गुंडाळून मागे बांधला, आणि गादीच्या चड्डीत, भर उजेडात, मान ताठ ठेवून पुढे निघाले. त्यांना एकदम फार बरं वाटलं.

अडचणी आल्या, नाही असं नाही. पहिल्या गावाच्या अलीकडे मेंढ्यांचा कळप आला. मेंढ्यांना घंटी वाजवली की त्या बाजूला होत नाहीत, घंटीच्या दिशेनं येतात, हे इंजिनचालकांनी सांगितलं नव्हतं. वीस मिनिटं बिनचूकराव लोकरीत उभे होते. खंदकाच्या किल्ल्यावर वाऱ्यानं त्यांची टोपी खंदकात नेली, आणि खंदकातली वस्तू काढायला वेगळा अर्ज लागतो, दोन प्रतींत, असं तिथल्या रखवालदारानं सांगितलं. अर्ज भरून होईपर्यंत बदकांनी टोपी पलीकडे नेली आणि त्यात एक बदक बसलं. बुरुजाच्या किल्ल्याला दोनशे बारा पायऱ्या होत्या. डॉक्टरांनी ‘फार चढ नको’ म्हटलं होतं, ते बिनचूकरावांना एकशे चाळिसाव्या पायरीवर आठवलं. वर गेल्यावर बायकोनं आधी खिडक्या बघितल्या, उन्हानं दगडांचा रंग उडालाय म्हणाली, इथे दुहेरी अस्तराचे पडदे हवे होते. मग तिनं खाली पसरलेली शेतं, रस्ते आणि नदी बघितली, आणि हळूच म्हणाली की हे तर अगदी चौदा नंबरसारखं दिसतंय. बिनचूकराव भिंतीला टेकून बसले, ते पायऱ्यांमुळे असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्कामाच्या घरी पाव, उकडलेली अंडी आणि जाम असा भरपेट नाश्ता झाला. बायकोनं चार अंडी दुपारसाठी बांधून घेतली: किल्ल्यात बसून खायला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, तिनं ‘किल्ला’ म्हटलं की बिनचूकरावांच्या हातातला पाव थांबत होता. ती सायकली पुसायला गेली तेव्हा नाही, पण नंतर पाणी भरून घ्यायला आत गेली तेव्हा, त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि आपल्याच मागच्या चाकाची हवा सोडली.

अशी वेळ कुणावर येऊ नये. बायको आली, चाक दाबून बघितलं, बाह्या सारल्या, आणि नऊ मिनिटांत चाक काढून, ट्यूब पाण्यात फिरवून, कुठेच भोक नाही असा निकाल देऊन, हवा भरून मोकळी झाली. जाता जाता तिनं यांच्या बोटांना लागलेलं वंगण बघितलं आणि पुसायला फडकं पुढे केलं. मग बिनचूकरावांनी गुडघा धरला. ती म्हणाली, चारच किलोमीटर राहिलेत, हवं तर चालत जाऊ. त्यांना आयुष्यात कुठलंच अंतर इतकं बरोबर मोजलेलं नको होतं.

आणि मग नदी आली, वळण आलं, आणि वळणावर टेकडी आली. खाली खात्याचा फलक होता, हिरवा, नवा रंग दिलेला: ‘संरक्षित वास्तू. भिंतींवर चढू नये. भिंतींवर नावे लिहू नयेत. दगड नेल्यास कारवाई होईल.’ फलकामागे छोटं लोखंडी फाटक, बाजूला एक लाकडी खोली, आणि खोलीच्या दारात विणकाम करत बसलेली एक पहारेकरीण. अंगात खात्याचा कोट, गळ्यात शिट्टी, वय पन्नाशीच्या पुढचं. तिनं विणकाम खाली ठेवून परवाने तपासले, तारीख बघितली, शिक्का उजेडात धरला, आणि सायकली तटबंदीच्या बाहेर लावायला सांगितल्या. बिनचूकरावांनी विचारलं, तटबंदी कुठे आहे. तिनं गवतातल्या एका पांढऱ्या दोरीकडे बोट केलं.

बायको थांबली नाही. ती भराभर चढत गेली, अंड्यांची पिशवी हलवत. बिनचूकराव मागून गेले, जेवढं हळू जाता येईल तेवढं. वर सपाटी होती. गुडघ्याएवढं गवत, कडेनं नीट कापलेलं. खाली नदी दोन्ही बाजूंनी चकाकत वळलेली. वारा. एवढंच. एक दगड म्हणावा तर तोही नव्हता. बायको सपाटीच्या मधोमध उभी राहिली, एकदा पूर्ण गोल फिरली, आणि यांच्याकडे बघून म्हणाली,

“अहो, कुठाय?”

बिनचूकरावांनी घसा साफ केला. पूर्ण पडला असेल, जमिनीत गेला असेल, लोकांनी दगड नेले असतील, अशी तीन वाक्यं दोन दिवस त्यांनी घोकून ठेवली होती. पण तिचा चेहरा उन्हानं लाल झाला होता, केसांत कुठलंसं गवत अडकलं होतं, आणि ती उत्तराची वाट बघत होती. तिला यांच्या उत्तराबद्दल एवढीशीही शंका नव्हती. त्यांना ते सहन झालं नाही.

“नाहीये,” ते म्हणाले. “नव्हताच कधी. तो शाईचा थेंब आहे. मला शिंक आली होती.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. पाच वाजायला दहा मिनिटं, चार महिने, बारीक निब, दोन कान. आज सकाळची चाकाची हवासुद्धा सांगितली. एकदा धरण फुटलं की कुठलं पाणी राहतंय मागे. 

“बावीस वर्षं,” बायको म्हणाली. “रोज सकाळी दुकान उघडलं की मी आधी त्याच्याकडे बघायची.”

एवढं बोलून तिनं पाठ फिरवली. तिचे खांदे हलायला लागले. बिनचूकरावांच्या तोंडचं पाणी पळालं. सव्वीस वर्षांत ही बाई त्यांच्यासमोर दोनदा रडली होती, तिसऱ्यांदा आपण रडवली, तेही एका थेंबापायी. ते धावत पुढे गेले, आणि बघतात तर बायको हसत होती. हसता हसता तिला उभं राहवेना, ती गवतात बसली, पोट धरून आडवीच झाली, आणि पदरानं डोळे पुसत, मध्ये मध्ये श्वास घेत तिनं एकच प्रश्न विचारला.

“आणखी कुठे कुठे शिंकलात?”

त्यांनी शपथेवर सांगितलं की एवढीच एक. तिनं पुन्हा विचारलं, नक्की? ते म्हणाले, नक्की. मग ती उठून बसली आणि तिनं त्यांना हाताला धरून शेजारी बसवलं.

“अहो, बिनचूक माणसाशी संसार करणं फार अवघड असतं,” ती म्हणाली. “नकाशात कधी चुकत नाहीत म्हणून बाकीच्या चुकांवर मला मनासारखं भांडताच येत नव्हतं. आता बघा.”

ही धमकी होती, यात शंका नाही. पण बिनचूकरावांना इतका आनंद झाला की काय करावं ते कळेना, म्हणून त्यांनी एक अंडं सोललं आणि तिला दिलं.

पहारेकरीण दम खात वर आली होती. आरडाओरडा कसला, कुणी भिंतीवरून पडलं की काय, हे बघणं तिचं कामच होतं. बिनचूकरावांना आता खरं बोलायची चटक लागली होती. त्यांनी तिलाही सांगून टाकलं की किल्ला नाही, तो मीच काढला, आणि उद्याच्या उद्या खात्याला तसं लेखी कळवतो. ती शांतपणे ऐकून घेत होती. अठरा वर्षं मी या टेकडीवर आहे साहेब, हे मला तुम्ही सांगणार होय, असा तिचा चेहरा होता. तिनं सांगितलं की किल्ला नाही म्हणून एका मास्तरांनी मागे लिहिलं होतं. खात्याचा तपासनीस आला, दोन तास गवतात फिरला, आणि ‘वास्तू पूर्णपणे पडली असून उरलेल्या भागाचे रक्षण अत्यंत निकडीचे आहे’ असा अहवाल देऊन गेला. त्या अहवालामुळे तर ही जागा निघाली आणि तिची नेमणूक झाली. मास्तरांना उत्तर गेलं, की किल्ला नकाशातून कमी करायचा असल्यास तो कुणी, कधी व कुणाच्या परवानगीनं पाडला याचा दाखला जोडावा. मास्तर अजून दाखला शोधतायत.

“माझी तीन वर्षं राहिलीत,” ती म्हणाली. “आणि मला इथे आवडतं. फक्त लोक येऊन विचारतात ना, ताई, दरवाजा कुठला, राहायची जागा कुठली, तेव्हा मला काही सांगता येत नाही. तुम्ही काढलाय ना साहेब? मग दरवाजा कुठे ते तरी सांगून जा.”

बिनचूकराव या प्रश्नाला तयार नव्हते. त्यांनी थेंब काढला होता, दरवाजा काढला नव्हता. पण बाईचं म्हणणं रास्त होतं. काम अर्धवट सोडून जायचं, तेही बावीस वर्षं, हे त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, परवान्याची मागची कोरी बाजू वर केली, आणि बायकोनं गळ्यातली मोजपट्टी काढली.

दुपारभर ते कामच चाललं. दोन कान होते म्हणजे दोन बुरूज, हे तर ठरलेलंच. बिनचूकरावांनी पावलं टाकून भिंती आखल्या. पश्चिमेला दरवाजा काढला. पहारेकरीण म्हणाली, साहेब तिथून असा वारा येतो की दार लागायचं नाही. काढला तो खोडून दक्षिणेला घेतला. उत्तरेला स्वयंपाकघर घेतलं. बायको म्हणाली, म्हणजे सगळा धूर दिवाणखान्यात. तेही खोडलं. नदीच्या बाजूला बायकोनं तीन मोठ्या खिडक्या मागून घेतल्या, सात सात फुटांच्या, पट्टीचं एक टोक पहारेकरणीला धरायला लावून मोजल्या, आणि संध्याकाळचं ऊन सरळ तोंडावर येतं म्हणून पडद्यांचं कापडही ठरवलं. पहारेकरणीनं आपल्यासाठी फाटकाजवळ शेगडीची एक खोली मागितली, ती मिळाली. ज्या माणसाच्या कागदावर आयुष्यात लाल खूण झाली नाही, त्याच्या कागदावर तासाभरात बोट ठेवायला जागा उरली नाही, आणि दर खोडाखोडीगणिक तो माणूस शीळ घालायचा प्रयत्न करत होता. शीळ काही येत नव्हती, नुसती हवा येत होती.

चार वाजता कुणीतरी एक जोडपं आलं, फलक वाचून वर आलं आणि गोंधळून उभं राहिलं. पहारेकरीण कोटाची बटणं लावत पुढे झाली आणि तिनं त्यांना दक्षिणेच्या दरवाज्यापासून सुरुवात करून सगळा किल्ला दाखवला, खिडक्यांसकट. ती दोघं नदीच्या बाजूच्या खिडकीत बराच वेळ उभी होती. जाताना त्यांच्यातली बाई म्हणाली की कालच्या बुरुजापेक्षा हे बरं, पायऱ्या नाहीत.

पाचला पहारेकरणीनं शिट्टी वाजवली. सामान बांधलं, टरफलं गोळा केली, परवाना तिच्या खोलीत खिळ्याला लावून झाला. बायको आणि पहारेकरीण गप्पा मारत पुढे निघाल्या. बिनचूकरावांनी एकदा शेवटचं नदीकडे बघून घेतलं आणि सवयीप्रमाणे जवळच्या वाटेनं, गवतातून सरळ खाली उतरायला लागले.

“अहो, तिथे भिंत आहे,” बायको खालून म्हणाली. “दरवाजा इकडे.”

बिनचूकराव थांबले. त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

“चुकलं,” ते म्हणाले, आणि मागे येऊन दरवाज्यातून बाहेर पडले.